बोलायला काय झालं होतं?

पोरांनो,

व्हिएतनामहून परत आल्यापासून तुम्ही चौघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. माझ्याकडे मात्र चौघेही येऊन गेलात. एकेकटे आलात, दुसऱ्याशी गाठ पडू नये अशी वेळ साधून आलात. प्रत्येकानं आपली कैफियत मांडली आणि प्रत्येकाच्या कैफियतीत गुन्हेगार बाकीचे तिघे होते. मी ऐकत राहिलो, कारण एकाचं ऐकून दुसऱ्याला बोल लावायची माझी रीत नाही, हे तुम्हाला वर्गापासून ठाऊक आहे. आता चौघांचंही ऐकून झालं आहे. आता तुम्ही ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही.

हे मी जाहीर लिहितो आहे, यालाही कारण आहे. म्हसवडची, दहिवडीची, आटपाडीची पोरं आता पुण्या-मुंबईत नोकरीला लागली की वर्ष-दोन वर्षांत पासपोर्ट काढतात आणि पाठीवर सॅक टाकून बँकॉक, हनोई, कोलंबो गाठतात. जावं. जरूर जावं. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला याचा आनंद होणार नाही तर कुणाला? पण तुमच्यासारखेच मैत्री मोडून परतलेले आणखीही आहेत, आणि त्यांनाही कुणीतरी हे ऐकवायला हवं.

"सर, आमचे स्वभावच जुळले नाहीत." हे वाक्य चौघांच्याही तोंडी आलं. ते पुन्हा माझ्यासमोर उच्चारू नका. स्वभाव जुळत नाहीत हे कळायला हनोईला जावं लागलं? सहावीपासून एका वर्गात होतात. तुमच्यातला एक परीक्षेच्या महिनाभर आधी वेळापत्रक आखून भिंतीला चिकटवायचा आणि त्यातलं एक पान मागे पडलं तरी कासावीस व्हायचा. दुसरा प्रार्थना सुरू झाल्यावर फाटकातून आत शिरायचा. तिसऱ्याला सहलीत किल्ल्यावर नेलं तर बुरुजाच्या अगदी कडेला उभं राहिल्याशिवाय चैन पडायचं नाही. आणि चौथा गळ्यात तुळशीची माळ असलेला, घरची ओढाताण ओळखून सहलीच्या यादीतून आपलं नाव स्वतःच खोडणारा. यातलं तुम्हाला काय नवीन होतं? वेगळं असणं हा अपराध नाही. ते वेगळेपण पुरतं ठाऊक असून त्याची कसलीही सोय न लावता तुम्ही निघालात, आणि बिनसलं तेव्हा तोंड उघडण्याऐवजी तोंड फिरवलंत. अपराध हा आहे.

निघण्याआधी कित्येक महिने तुमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालू होता. तो मला एकानं पुरावा म्हणून दाखवला. पुरावा तुमच्याच विरुद्ध आहे. त्यात रील आहेत, विमानाच्या तिकिटांचे भाव आहेत, सॅक किती लिटरची घ्यावी याचा काथ्याकूट आहे, चौघांच्या एकसारख्या टी-शर्टांच्या रंगावरून झालेली हुज्जत आहे. रोज माणशी किती खर्च करायचा, यावर एक ओळ नाही. उठायचं किती वाजता, नाही. माळकरी माणूस त्या मुलुखात काय खाणार, नाही. एखाद्याला एखादी गोष्ट नको असेल तर बाकीच्यांनी ती त्याच्याशिवाय करायची की कुणीच करायची नाही, नाही. जे बोलायला हवं होतं ते सोडून सगळं बोललात.

वेळापत्रकवाल्या, तुझ्यापासून सुरू करतो, कारण तू स्वतःला सर्वांत कमी दोषी समजतोस. राबलास, हे मान्य. ई-व्हिसाचे अर्ज तू भरलेस, रेल्वेची तिकिटं तू काढलीस, खोल्या तू ठरवल्यास. पण ठरवताना कुणाला विचारलंस? सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतचा तक्ता विमानतळावर तिघांच्या हाती ठेवलास आणि तो पाळला गेला नाही म्हणून त्यांच्यावर ओरडलास. हनोईतलं साहित्य मंदिर पाहिलं का, असं मी विचारलं तेव्हा 'झालं' म्हणालास. इसवी सन १०७० मधलं ते मंदिर. तिथं दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा उभ्या आहेत आणि त्यांच्यावर राजदरबारच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावं कोरलेली आहेत. शिक्षकाच्या विद्यार्थ्यानं जिथं पाऊण दिवस काढावा अशी ती जागा. शिळांवर काय आहे, हे तुला सांगता आलं नाही. तुझ्या यादीत त्या नावापुढे खूण झाली, एवढंच. तिथं थांबू म्हणणाऱ्याला तू हाताला धरून बाहेर काढलंस.

उशिरा उठणाऱ्या, तुझं थोडक्यात. सुट्टीत दहापर्यंत झोपणं हा तुझा हक्क आहे. तिघांना हॉटेलच्या पायरीवर ताटकळत ठेवणं हा नाही. हालाँगच्या खाडीची बस तुझ्यामुळे सुटली आणि भरलेले पैसे बुडाले. त्या पैशांत बाकी तिघांचाही वाटा होता. "मी कुठं म्हटलं होतं थांबा म्हणून?" असं तू मला विचारलंस. 'तुम्ही व्हा पुढे, मी दुपारी गाठतो' हे आदल्या रात्री सांगितलं असतंस तर हा प्रश्न विचारायचा अधिकार तुला असता.

आता गाडीवाल्याकडे वळतो, आणि इथं माझा आवाज चढणार आहे. व्हिएतनामच्या उत्तर टोकाला, चीनच्या सरहद्दीला लागून, हा जियांगचे डोंगर आहेत. त्या घाटवळणांवरून भाड्याच्या मोटरसायकलवर तीन-चार दिवसांचा फेरा मारायची टूम जगभरच्या पोरांत आहे. तुलाही तो मारायचा होता. तुमच्यातल्या माळकऱ्यानं 'मला जमणार नाही' म्हटलं तेव्हा तू त्याला भित्रा म्हणालास, आणि तेही परक्या माणसांच्या देखत. तो भित्रा नव्हता. तुमच्यात शहाणा तोच होता. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो. व्हिएतनाम मानतो १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला परवाना. म्हणजे साताऱ्याच्या आरटीओचा शिक्का असलेली ती पुस्तिका खिशात असूनही तू तिथं विनापरवाना चालवत होतास. पोलिसांनी अडवलं असतं तर दंड, ही लहान गोष्ट. घाटात पडून हाड मोडलं असतं तर प्रवास विम्याच्या कंपनीनं परवान्याचं कारण दाखवून हात वर केले असते, आणि दवाखान्याचं बिल भरायला तुझ्या बापानं म्हसवडला जमीन गहाण टाकली असती. बरं, ज्यांना चालवायची नाही त्यांच्यासाठी तिथं सोय आहे. स्थानिक चालक गाडी चालवतो, आपण मागे बसायचं. रस्ता तोच, डोंगर तेच. एवढी चौकशी करायला दहा मिनिटं पुरली असती. ती केली असतीस तर चौघेही गेला असता. तुला चौघांनी जायचं नव्हतं. तुला स्वतः चालवतानाचा व्हिडिओ हवा होता.

आणि आता पैसा. इथं तुम्ही तिघेही माझे अपराधी आहात.

माळकऱ्याचा पगार तुमच्या निम्मा आहे, हे तुम्हाला माहीत होतं. गेल्या वर्षी त्याच्या वडिलांचं ऑपरेशन झालं, हे माहीत होतं. या सहलीसाठी त्यानं भिशी उचलली, हेही तुमच्यातल्या दोघांना माहीत होतं. तरी तुम्ही दा नांगला समुद्रकाठचं पोहण्याचा तलाव असलेलं हॉटेल घेतलंत आणि भाड्याचे चार सारखे भाग केलेत. सारखे भाग म्हणजे न्याय, असं कुणी शिकवलं तुम्हाला? मी तर नाही. तो डॉर्मिटरीत राहायला तयार होता. तिथं गल्लोगल्ली तसल्या खाटा मिळतात आणि तुमच्या हॉटेलच्या मानानं त्यांचं भाडं अगदी किरकोळ असतं. त्यानं तसं हळूच सुचवलंही होतं, ग्रुपवर त्याचा निरोप मी वाचला. त्यावर एकानं हसण्याचं चिन्ह टाकलं आणि दुसऱ्यानं 'चिल कर' लिहिलं. त्यानंतर तो त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. तुम्हाला वाटलं, पटलं त्याला. पटलं नव्हतं. अपमान गिळला होता त्यानं.

त्या मुलुखात एका रुपयाला तीनशेच्या आसपास डाँग मिळतात. लाखांच्या नोटा हातात खेळायला लागल्या की खर्चाचा अंदाज सुटतो, हे समजू शकतो. पण रात्री खोलीवर आल्यावर कुणी वही काढली? कुणीच नाही. वेळापत्रकवाला मोबाइलमध्ये नोंदी करत होता आणि परतल्यावर त्यानं एकदम आकडा पाठवला. त्या आकड्यात तुमच्या बिअरचे पैसे होते. जो आयुष्यात थेंब प्यायला नाही त्याच्या नावावर बिअरचा चौथा हिस्सा. हे मी दोनदा तपासून पाहिलं, कारण मला खरं वाटेना.

जेवणाचंही तेच. व्हिएतनामच्या स्वयंपाकात माशांच्या अर्काचा सॉस जिथं तिथं पडतो. वरून भाजीच दिसणारा पदार्थही माळकऱ्याला चालत नाही. पण तो देश बौद्ध वळणाचा आहे. तिथले पुष्कळ लोक अमावस्या-पौर्णिमेला शुद्ध शाकाहार करतात, आणि 'चाय' अशी पाटी असलेली शाकाहारी खाणावळ बहुतेक गावांत सापडते. तुम्ही रोज तिघांच्या जिभेला हवं तिथं बसलात आणि तो शेजारी बसून कोरडा भात आणि केळी खात राहिला. एकदा, फक्त एकदा, तिघांनी उठून त्याच्या खाणावळीत जायला काय हरकत होती? तोफू खाऊन तुमचं काय बिघडणार होतं?

पण मला सर्वांत झोंबलं ते यापुढचं. हनोईच्या जुन्या पेठेत रात्री तुमचं भांडण झालं, आणि सकाळी दोघे हा जियांगच्या बसमध्ये चढून गेलात. तिसरा झोपून होता. माळकरी एकटा खाली उतरला तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये तिथलं सिमकार्ड नव्हतं, कारण 'चौघांत दोन कार्डं पुरे' असं तुम्ही ठरवलं होतं. त्याच्या ई-व्हिसाचा कागद, पुढच्या रेल्वेचं तिकीट, पुढच्या मुक्कामाचा पत्ता, सगळं बसमध्ये बसलेल्याच्या मोबाइलमध्ये. खोली त्याच दिवशी सोडायची होती. परक्या देशात, जिथली भाषा कळत नाही, अक्षरं वाचता आली तरी उच्चार जमत नाही, अशा जागी तुम्ही आपल्या माणसाला कागदाशिवाय सोडून गेलात. "तो मोठा आहे की, सर," असं मला सांगितलंत. मोठा आहे म्हणूनच हॉटेलच्या बाईकडून इंटरनेट मागून त्यानं घरी फोन न करता स्वतः निभावलं. त्याच्या आईला अजून हे माहीत नाही. हनोईत आपली वकिलात आहे, हो ची मिन्ह शहरात वाणिज्य दूतावास आहे. त्यांचे नंबर तुमच्यापैकी एकाकडेही लिहिलेले नव्हते.

कुठल्या मातीतले आहात, याचा तरी विचार केला का? आपला माणदेश पर्जन्यछायेतला. इथल्या माणसाला वाटेला लागल्याशिवाय कधी जगता आलं नाही, आणि वाटेला लागताना तो एकटा निघाला नाही. धनगराचा वाडा दिवाळीनंतर हलतो तो लहानपणापासून पाहत आला आहात. कधी नीट पाहिलात का? मेंढरांची चाल वेगळी, घोड्यांची वेगळी, लेकुरवाळ्या बाईची वेगळी. म्हणून सगळे एका वाटेनं रेटत नाहीत. बाप्ये मेंढरं घेऊन चरणीच्या वाटेनं जातात, बाया घोड्यांवर बिऱ्हाड लादून नेटक्या रस्त्यानं पुढे होतात, आणि संध्याकाळी ठरल्या तळावर सगळे एकत्र येतात. तळ कुठं, हे सकाळीच ठरलेलं असतं आणि लहान पोरालाही ते माहीत असतं. शेतात मेंढरं बसवायचा मोबदला सगळ्यांच्या कानावर घालून ठरतो. दिवसभर वेगळे, रात्री एका चुलीपाशी. तुमच्या चौघांच्या अडचणीवर याहून सोपा तोडगा मला दाखवा. एकानं मंदिरं पाहावीत, एकानं दुपारपर्यंत झोपावं, एकानं डोंगर चढावा, एकानं नुसतं पायी हिंडावं, आणि सात वाजता ठरल्या जागी जेवायला जमावं. एवढं ठरवायला शहाणपण लागत नाही. तोंड लागतं.

आणि वारी. म्हसवड साताऱ्याहून पंढरपूरला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव आहे. आषाढात दिंड्या आपल्या अंगणावरून जातात. त्यांना पाणी देत मोठे झालात. दिंडीत ऐंशीची म्हातारी असते आणि विशीतला पोरगा असतो, कारखान्याचा संचालक असतो आणि ऊसतोड मजूर असतो. जेवणाखाणाची भिशी निघण्याआधी ठरते आणि आधी भरली जाते. सामानाचा ट्रक पुढच्या मुक्कामी कुठं उभा असेल ते प्रत्येकाला ठाऊक असतं. पण मी सांगतो ती गोष्ट रस्त्यावर उभं राहून दिसत नाही, मुक्कामावर जावं लागतं. साताऱ्याजवळच्या आरफळच्या हैबतबाबांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात शिस्त लावली, त्या सोहळ्यात रोज संध्याकाळी समाज आरती होते. सगळ्या दिंड्या तळावर गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड उंच करतो आणि आरोळी देतो. हजारो टाळ त्या क्षणी थांबतात. फक्त ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातो, काय झालं ते ऐकतो, त्याचा निकाल लावतो. मग हरवल्या-सापडल्याची घोषणा होते, उद्या निघायची वेळ सांगितली जाते, आणि त्यानंतर आरती. तक्रार उरलेली असताना आरती होत नाही.

लाखो माणसं रोजची तक्रार रोज मिटवून झोपतात, आणि तुम्ही चौघांनी पहिल्या दिवसाची तक्रार शेवटच्या दिवसापर्यंत सांभाळून ठेवलीत. दा नांगच्या हॉटेलात चढलेला राग हनोईच्या फुटपाथवर बाहेर पडला. मधल्या प्रत्येक रात्री तुम्ही एका खोलीत होतात. चार खाटा, चार मोबाइल, आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

पैशाबद्दल मित्रांत बोलणं वाईट दिसतं, असं एकजण म्हणाला. कुणाच्या घरचा आहेस रे तू? तुझी आई माणदेशी महिला बँकेच्या सभासदांपैकी. १९९७ साली चेतना सिन्हांनी याच म्हसवडात ती बँक उभी केली. सभासद बाया निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला होता. त्या बाया अक्षरं गिरवून परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो. परवाना घेऊनच आल्या. बचत गटाच्या बैठकीत या गावची बाई दहा जणींसमोर सांगते की या महिन्यात माझ्याकडे हप्त्याला पैसे नाहीत. त्यात तिला कमीपणा वाटत नाही. तिची इंजिनीअर झालेली पोरं मात्र 'एवढं महाग हॉटेल परवडेल का रे तुला' हा एक प्रश्न मित्राला विचारायला लाजतात.

तुमच्यातल्या दोघांचे चुलते गलाईच्या धंद्यात परमुलखात आयुष्य काढून आले. सोन्या-चांदीची भट्टी, मागं एक खोली, त्यात गावाकडची पाच-सहा माणसं. पाणी कुणी भरायचं, स्वयंपाक कुणाचा, गावाला आधी कोण जाणार, सगळं ठरलेलं. त्यांना एकदा विचारा, खोली कशी टिकवली म्हणून. ते तुम्हाला दोन तास सांगतील.

'मग काय सर, शेवटपर्यंत एकत्रच फरफटत जायचं का,' असं गाडीवाल्यानं विचारलं. नाही. असं मी कुठंच म्हणत नाही. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले. एकाच व्यायाम क्लबातले मित्र. इराण, युरोप, अमेरिका, जपान, चीन. वाळवंटातून आणि बर्फातून सायकली हाकल्या त्यांनी. नरिमन कपाडिया तेहरानहून घरी परतले. गुस्ताद हाथीराम अमेरिकेतच राहायचं ठरवून तिथं थांबले, आणि केकी पोचखानवालाही शेवटपर्यंत गेले नाहीत. उरलेले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा, सुमारे ७१,००० किलोमीटर पुरे करून मार्च १९२८ मध्ये मुंबईत उतरले, आणि त्या प्रवासाचं पुस्तक तिघांनी मिळून, तिघांच्या नावानं लिहिलं. वाट फुटली म्हणून काही बिघडत नाही. ज्याला थांबायचं त्यानं थांबावं, ज्याला जायचं त्यानं जावं. त्या साडेचार वर्षांत मोबाइल नव्हता, सिमकार्ड नव्हतं, नकाशेसुद्धा धड नव्हते. तुमच्याकडे सगळं होतं आणि तुम्ही न सांगता पहाटेची बस धरलीत. वाट फुटणं वेगळं आणि पाठ दाखवणं वेगळं, हे तुम्हा दोघांना कळलंच पाहिजे.

माळकऱ्या, तू खाली मान घालून हे वाचत असशील आणि सर माझ्या बाजूचे, असं मनात म्हणत असशील. मान वर कर. तुलाही बोलणार आहे. पहिल्या निरोपाची थट्टा झाली तेव्हा तू गप्प बसलास. का? 'मला एवढं परवडत नाही, मी स्वस्त खोलीत राहतो, जेवायला भेटू' एवढं सांगायला कुणाची चोरी होती? तू सांगितलं नाहीस, आणि मग रोज मनातल्या मनात त्यांचा हिशेब मांडत राहिलास. त्यांच्या एकेका चुकीची तारीखवार यादी तू मला ऐकवलीस. एवढी तपशीलवार यादी ठेवायला तुला जमलं, त्यातली एक ओळ त्यांना तोंडावर सांगायला जमलं नाही. सोसणं हा चांगुलपणा आहे, असं तुझ्या मनानं घेतलंय. तुझ्या गप्प राहण्यानं तिघांना सुधारायची संधीच मिळाली नाही. भिशी उचलून, कर्ज करून, केवळ नाही म्हणता येईना म्हणून परदेशी जाणं यात मला कौतुक करण्यासारखं काहीही दिसत नाही. आणि सिमकार्ड स्वतःचं असावं, कागदांच्या दोन छापील प्रती स्वतःच्या सॅकमध्ये असाव्यात, यासाठी मित्र चांगले असावे लागत नाहीत. तिथं तू दुसऱ्याच्या भरवशावर राहिलास, हा तुझाच दोष.

पालकांनाही एक सांगायचं आहे. पोरगा परदेशी निघाला की तुम्ही विमानाची वेळ विचारता आणि डब्यात चटणी-भाकरी भरता. कोणाबरोबर चाललाय, पैशाचं काय ठरलंय, आजारी पडला तर कोण थांबणार, हे विचारा. पोरगं चिडेल. चिडू द्या.

आता काय करायचं ते सांगतो. माझ्याकडे पुन्हा एकेकटं यायचं नाही, फाटक उघडणार नाही. येत्या रविवारी चौघांनी एकत्र बसायचं, आणि ते माळकऱ्याच्या घरी. हॉटेलात नाही. नवी वही न्यायची. मोबाइलमधल्या सगळ्या नोंदी तिच्यात उतरवायच्या. बिअर प्यायल्यांच्या नावावर बिअर, तलावाचं हॉटेल ज्यांनी हट्टानं घेतलं त्यांच्या नावावर त्याचं जास्तीचं भाडं, चुकलेल्या बसचे पैसे झोपलेल्याच्या नावावर. जो फरक निघेल तो त्याच दिवशी माळकऱ्याला परत करायचा, म्हणजे भिशीचे उरलेले हप्ते त्याला जड जाणार नाहीत. तो 'राहू दे' म्हणेल. राहू द्यायचं नाही. हा जियांगच्या बसमध्ये बसलेल्या दोघांनी, त्या सकाळी आपण काय केलं, ते त्याच्या तोंडावर स्वतःच्या शब्दांत सांगायचं. भित्रा म्हणालेला शब्द परत घ्यायचा, आणि तोही सगळ्यांसमोर, कारण तो सगळ्यांसमोर बोलला गेला होता. माळकऱ्यानं त्या दिवशी एकदाही मान हलवून विषय संपवायचा नाही. मनात असेल ते बोलायचं, कडू असलं तरी बोलायचं. त्यानंतर पुन्हा एकत्र प्रवास करायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी त्यात पडणार नाही.

हिशेबाच्या पानाखाली चौघांच्या सह्या घ्या आणि सोमवारी वही मला आणून दाखवा.